डाउनरिगरला दोरी कशी लावावी: खोल पाण्यातील ट्रोलिंगची रीत

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा वस्त्यांतील मराठी घरांत गळ टाकण्याची हौस पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण ती मुख्यतः काठावर बसून करायची हौस आहे. चालत्या बोटीमागे ल्युअर (माशाला भुलवणारे कृत्रिम आमिष) ओढत नेण्याची, म्हणजे ट्रोलिंगची, आणि त्यातही तो ल्युअर ठरावीक खोलीवर धरून ठेवणाऱ्या डाउनरिगरची ओळख आपल्याकडे अलीकडची आहे. ती दोन वाटांनी होते. कुणाचा मुलगा टोरांटोला किंवा शिकागोला असतो आणि उन्हाळ्यात त्याच्याकडे गेल्यावर एखाद्या रविवारी मोठ्या सरोवरात सॅमनसाठी बोट ठरवली जाते. किंवा कुणी परतताना हे यंत्र सामानात घेऊन येतो आणि ते नर्मदेवरील इंदिरा सागर जलाशयाच्या पाण्यात वापरून पाहण्याचा विचार करतो. यंत्र बोटीला कसे बसवावे हे त्याच्या माहितीपुस्तिकेत नीट दिलेले असते. मात्र रॉडवरची, म्हणजे गळाच्या काठीवरची, दोरी यंत्राच्या तारेला लटकणाऱ्या जड गोळ्याशी कशी जोडावी, किती घट्ट जोडावी आणि नंतर रॉड कसा ठेवावा हे दोन ओळींत उरकलेले असते. मासा लागणे किंवा हातचा सुटणे याच गोष्टींवर ठरत असल्यामुळे हा लेख त्यांच्यापुरताच ठेवला आहे.

यंत्राची रचना साधी आहे. बोटीच्या कडेला बसवलेले मोठे रीळ, त्यावर पोलादी तार किंवा जाड विणीची दोरी, पाण्यावर पुढे आलेला दांडा, किती तार सोडली ते दाखवणारा मोजणीचा आकडा आणि तारेच्या टोकाला साधारण साडेतीन ते साडेपाच किलोंचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळ एक क्लिप असते. रॉडवरची दोरी त्या क्लिपमध्ये अडकवली की गोळा तिला आपल्याबरोबर खाली नेतो. मासा ल्युअरला लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि पुढची झुंज गोळ्याच्या वजनाशिवाय, फक्त रॉडवर होते. अमेरिकेतील मिशिगन सरोवरात 1966 साली कोहो सॅमन आणि 1967 साली चिनूक सॅमन सोडण्यात आले. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की हे मासे खालच्या थंड थरात उतरतात, चिनूकला तर साधारण 10 ते 13 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, आणि तिथपर्यंत हलका स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्युअर) नेण्याचा दुसरा सोयीचा मार्ग नसल्यामुळे डाउनरिगर त्या सरोवरांवर घरोघरचे साधन झाले.

दोरीची निवड आधी करावी. शिकणाऱ्याने रॉडवर सात ते नऊ किलो ताकदीचा तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विणीची दोरी बारीक आणि मजबूत असते हे खरे, पण ती ताणली जात नाही, क्लिपच्या रबरी गाद्यांतून सरकते आणि हळूहळू त्या गाद्या कापते. तंगूस थोडा ताणला जातो आणि हा ताणच मासा लागल्याच्या क्षणी उपयोगी पडतो. तंगूसच्या टोकाला बॉल-बेअरिंगचा चांगला स्विव्हेल (दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी) बांधावा, कारण स्पून सतत फिरत राहतो आणि हलका स्विव्हेल असेल तर तासाभरात दोरीला पीळ बसतो. त्यापुढे दीड-दोन मीटरचा फ्लुओरोकार्बनचा (पाण्यात सहज न दिसणाऱ्या धाग्याचा) लीडर, म्हणजे जोडदोरी, आणि शेवटी ल्युअर. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरड्या गाठीत घर्षणाने तंगूस दुबळा होतो. रॉड मध्यम ताकदीचा, अडीच मीटरच्या आसपास लांबीचा आणि शेंड्यापासून जवळजवळ मुठीपर्यंत एकसारखा वाकणारा असावा. ताठ रॉड इथे निरुपयोगी ठरतो. त्याचे कारण पुढे येईल.

क्लिप

बाजारात अनेक प्रकारच्या क्लिपा असल्या, तरी बहुतेक ठिकाणी दोन रबरी गाद्यांमध्ये दोरी चिमटीत धरणारी क्लिप वापरतात. ती उघडून पाहिली तर गाद्यांच्या बाहेरच्या कडेला पकड सैल आणि आत, स्प्रिंगच्या बाजूला, घट्ट असल्याचे बोटालाच कळते. म्हणून दोरी किती आत ठेवावी यावर ती किती ताणाला सुटेल हे ठरते. लहान माशासाठी ती कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत पुरते. मोठ्या आणि जोरकस माशासाठी एक ते दीड सेंटिमीटर आत न्यावी. दोरी गाद्यांच्या मधोमध सरळ बसली पाहिजे, तिरपी नको, आणि क्लिप बंद केल्यावर दोन्ही बाजूंनी हलके ओढून ती सरकत नाही याची खात्री करावी. विणीची दोरी वापरायचीच असेल तर दोन बोटांत तिचा लहान फासा करून त्याला सहा-आठ पीळ द्यावेत आणि पिळलेला भाग गाद्यांमध्ये ठेवावा. मग ती सरकत नाही.

हा अंदाज बोटांना येईपर्यंत मोजून पाहणे उत्तम. विमानप्रवासाला निघताना बॅगा तोलण्यासाठी आपण जो हुक असलेला छोटा काटा वापरतो, तो इथे फार उपयोगी आहे. क्लिप टेबलाच्या पायाला बांधावी, दोरी तिच्यात ठेवावी, ल्युअरच्या बाजूच्या टोकाला फासा करून तो काट्यात अडकवावा आणि हळूहळू ओढत जाऊन ती किती वजनाला सुटते ते पाहावे. नऊ किलोंच्या तंगूसवर रीळाचा ड्रॅग (किती ताणाला रीळ दोरी सोडू लागेल ते ठरवणारा ब्रेक) मी अडीच ते तीन किलोंवर लावतो आणि क्लिप दीड-दोन किलोंना सुटेल अशी ठेवतो. सुटण्याचा ताण ड्रॅगपेक्षा कमीच असला पाहिजे. तो जास्त झाला तर मासा ओढत राहतो, दोरी क्लिपमधून सरकून रीळावरून जात राहते, पण सुटत नाही. उलट क्लिप फार सैल ठेवली तर लाटेच्या हेलकाव्यानेही दोरी सुटते आणि दर पाच मिनिटांनी गोळा वर घ्यावा लागतो.

क्लिपऐवजी साधे रबरबँड वापरण्याची जुनी रीतही आहे. दोरीखाली बारीक रबरबँड धरून त्याचे एक टोक दुसऱ्यातून ओवून आवळायचे आणि मोकळे टोक गोळ्याजवळच्या हुकात अडकवायचे. मासा लागला की रबर तुटते. शिकण्यासाठी हे स्वस्त आणि चांगले साधन आहे. पण तुटलेले तुकडे पाण्यात पडतात आणि मासे व कासवे ते गिळू शकतात, म्हणून नेहमीच्या वापरासाठी मी क्लिपच सुचवतो.

पाण्यावर उतरल्यावर

बोट ट्रोलिंगच्या वेगावर आणल्याशिवाय काहीही पाण्यात सोडू नये. सॅमनसाठी हा वेग ताशी सव्वातीन ते पावणेपाच किलोमीटर असतो, लेक ट्राउटसाठी त्याहून कमी. प्रथम ल्युअर बोटीच्या कडेला पाण्यात धरून तो नीट हलतो की नाही ते पाहावे. जो स्पून डोळ्यांसमोर वेडावाकडा फिरतो तो वीस मीटर खाली जाऊन सुधारत नाही. मग रीळ मोकळे करून ल्युअर मागे जाऊ द्यावा. ल्युअर आणि क्लिप यांच्यामधले अंतर हे ट्रोलिंगमधले दुसरे महत्त्वाचे माप आहे. गोळा उथळ असेल आणि पाणी नितळ असेल तर बोटीची आणि गोळ्याची चाहूल माशाला लागते, म्हणून पंधरा ते तीस मीटर अंतर ठेवावे. गोळा खोल असेल किंवा पाणी गढूळ असेल तर तीन ते सहा मीटर पुरते. अंतर कमी असेल तर ल्युअर नेमका कुठे आहे हे कळते, वळताना गुंता होत नाही आणि मासा लागताच दोरी लगेच सुटते. रीळाला मोजणीचा आकडा नसेल तर रीळापासून रॉडच्या पहिल्या कडीपर्यंतची दोरी हाताने ओढत जावी आणि ते अंतर एकदा फूटपट्टीने मोजून ठेवावे.

अंतर ठरले की दोरी क्लिपमध्ये ठेवावी. यावेळी गोळा बोटीच्या कडेशी, हाताच्या टप्प्यात असावा आणि बोट कुणीतरी दुसऱ्याने सरळ चालवत राहावी. मग रॉड त्याच्या खोबणीत ठेवून रीळ मोकळे करावे, पण त्याची टकटक सुरू ठेवावी किंवा अंगठा हलकेच ठेवावा. रीळ पूर्ण मोकळे राहिले तर दोरी आवश्यकतेपेक्षा वेगाने सुटते, पाण्यात तिचा फुगा होतो आणि तो तारेभोवती गुंडाळला जातो. दुसऱ्या हाताने डाउनरिगरचा ब्रेक सावकाश सैल करत गोळा खाली सोडावा. तो धाडकन सोडू नये: मागचा ल्युअर वर तरंगून तारेला अडकतो, आणि ठरलेल्या खोलीवर ब्रेक एकदम लावला तर त्या झटक्याने दोरी क्लिपमधून निसटते. मासे ज्या खोलीवर दिसत असतील त्याच्या दोन-तीन मीटर वर गोळा थांबवावा, कारण शिकारी मासा बहुधा वर पाहून झेप घेतो. त्याच्या खालून जाणारा ल्युअर त्याला दिसतच नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गोळा खोलीवर थांबल्यावर रॉड आणि क्लिप यांच्यामध्ये सैल दोरी उरते. ती रीळाने गोळा करावी आणि थांबू नये. रॉड वाकू लागतो, तरीही फिरवत राहावे. रॉडचा शेंडा पाण्याकडे झुकून रॉडला धनुष्यासारखा पूर्ण बाक येईपर्यंत दोरी ताणावी आणि क्लिप सुटण्याच्या किंचित आधी थांबावे. नवशिका इथे कचरतो, रॉड मोडेल किंवा क्लिप सुटेल या भीतीने अर्ध्यावरच थांबतो आणि मग दिवसभर मासे लागून सुटत राहतात. कारण असे की दोरी क्लिपमधून सुटल्यावर क्लिपपासून ल्युअरपर्यंत आणि रॉडपासून क्लिपपर्यंतचा कोन सरळ होतो आणि क्षणभर दोरी सैल पडते. वाकलेला रॉड उसळून सरळ होतो आणि ती सैल दोरी ओढून घेतो, त्यामुळे गळाचे टोक माशाच्या तोंडात घट्ट बसते. अर्धवट वाकलेल्या रॉडकडे हे करण्याइतकी उसळी नसते, आणि ताठ रॉडकडे तर ती मुळातच नसते.

हा बाक हाताला कळावा म्हणून पाण्यावर जाण्यापूर्वी घरी सराव करावा. इंदूरमध्ये मी तो पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून करायला सांगतो. खाली अंगणात पाच लिटर पाणी भरलेली बादली ठेवावी, तिच्या कडीला क्लिप बांधावी, गच्चीच्या कठड्याला रॉड पक्का बांधावा, ल्युअर किंवा गळ न लावता दोरी खाली सोडून क्लिपमध्ये ठेवावी आणि वरून रीळ फिरवत रॉड वाकवावा. खाली उभा असलेला सोबती क्लिपच्या पलीकडची दोरी कधी हळू, कधी झटक्याने ओढतो. दोरी कधी सुटते, रॉड किती उसळतो आणि किती दोरी सैल राहते हे स्पष्ट दिसते. रॉडच्या जवळपास विजेची तार नसावी आणि खाली मुले खेळत नसावीत, एवढी काळजी घ्यावी. एका संध्याकाळच्या या सरावाने जे कळते ते बोटीवर भाड्याचे तास मोजत शिकावे लागत नाही.

मासा लागला की बहुधा रॉड सरळ होतो आणि लगेच पुन्हा वाकतो. तो खोबणीतून उचलून सैल दोरी भराभर गुंडाळावी, बोटीचा वेग एकदम शून्यावर आणू नये आणि सोबत्याने तो गोळा वर घ्यावा, म्हणजे मासा तारेभोवती फिरणार नाही. लहान मासा कधीकधी क्लिप सोडवत नाही. अशावेळी वाकलेल्या रॉडचा शेंडा एकसारख्या तालात न हलता मधूनच थरथरतो. ही थरथर ओळखायला शिकले पाहिजे. शंका आली तर रॉड हातात घेऊन, शेंडा थोडा खाली नेऊन झटक्याने वर ओढावा, दोरी सुटते.

आकडा आणि खरी खोली

यंत्रावरचा आकडा सोडलेल्या तारेची लांबी सांगतो, खोली नव्हे. बोट पुढे जाते, पाणी गोळ्याला मागे रेटते आणि तार तिरपी होते. शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्याला दोरा व लहान वजन बांधून तारेचा उभ्या रेषेशी होणारा कोन मोजता येतो. 30 मीटर तार सोडली असता हा कोन 20 अंश असेल तर गोळा सुमारे 28 मीटरवर असतो, 30 अंश असेल तर 26 मीटरवर आणि 45 अंश असेल तर 21 मीटरवर. पाण्याखाली तार सरळ राहत नाही, तिला वक्रता येते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचेच समजावेत. पण अंदाजही नसेल तर माणूस तळापासून पाच मीटर वर असल्याच्या भ्रमात माशांच्या फार वर फिरत राहतो. कोन फार वाढत असेल तर वेग कमी करावा किंवा जड गोळा लावावा.

एकाच तारेवर दुसरा ल्युअर लावण्याचीही सोय आहे, पण पहिली जोडणी सहज जमेपर्यंत तिकडे वळू नये. दोन्ही टोकांना स्नॅप स्विव्हेल (उघडझाप होणारा आकडा असलेला स्विव्हेल) असलेला सुमारे दोन मीटरचा फ्लुओरोकार्बनचा तुकडा घ्यावा, एका टोकाला हलका स्पून लावावा आणि दुसरे टोक गोळा खाली गेल्यावर मुख्य दोरीवर अडकवून पाण्यात टाकावे. तो घसरत जाऊन दोरीच्या बाकात, पृष्ठभाग आणि गोळा यांच्या साधारण मध्यावर थांबतो. त्याला मासा लागला की मुख्य दोरी क्लिपमधून सुटते आणि हा तुकडा घसरत खालच्या स्विव्हेलपर्यंत जातो. म्हणून त्या स्विव्हेलच्या वर एक मणी आधीच ओवलेला असावा, नाहीतर गाठीवर आघात होतो. दोन डाउनरिगर असतील तर त्यांचे गोळे वेगवेगळ्या खोलीवर ठेवावेत आणि वळण नेहमी मोठे घ्यावे. आतल्या बाजूचा ल्युअर वळताना मंदावून खाली जातो, बाहेरचा वेग घेऊन वर येतो. अरुंद वळणावर दोन्ही दोऱ्या एकमेकींत जातात.

इंदिरा सागरवर वापरताना

इंदूरहून खंडवा जिल्ह्यातल्या हनुवंतियाच्या बाजूने या जलाशयावर जाता येते. पुनासाच्या 92 मीटर उंच धरणामागे नर्मदेचे जे पाणी साठले आहे, त्याखाली जंगल, शेते आणि 2004 साली रिकामे केलेले हरसूद गाव आहे. बुडालेली झाडे, भिंती आणि विहिरींचे काठ यांवर पाच किलोंचा गोळा सहज अडकतो, आणि अडकलेली पोलादी तार चालत्या बोटीला मागून खाली खेचू शकते. म्हणून इथे गोळा तारेला थेट लावू नये. मध्ये तारेपेक्षा बरीच कमी ताकदीच्या जाड तंगूसचा अर्ध्या मीटरचा तुकडा घालावा, म्हणजे गोळा अडकला तर तो तुकडा तुटतो, एक गोळा जातो आणि बोट वाचते. क्लिप मात्र या तुकड्यावर न लावता त्याच्या वर, तारेवर लावावी. तार कापणारी मजबूत पकड हाताशी असावी, अंगावर जीवरक्षक जाकीट असावे आणि अडकलेली तार हाताभोवती गुंडाळून ओढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. गोळा अडकताच इंजिन न्यूट्रलमध्ये घ्यावे, ब्रेक सैल करून तार मोकळी सोडावी आणि बोट ज्या दिशेने आली त्या बाजूला नेऊन तो वर ओढावा.

खोलीच्या बाबतीतही मोठ्या सरोवरांचे नियम इथे जसेच्या तसे लावू नयेत. सॅमन थंडाव्यासाठी खाली जातो. उष्ण प्रदेशातील जलाशयात मात्र उन्हाळ्यात पाण्याचे थर पडले, तर तळाच्या थरात प्राणवायू कमी होतो आणि मासे तिथे थांबत नाहीत. फिशफाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) मासे दिसतील त्याच खोलीवर काम करावे, आणि तळाच्या किमान चार-पाच मीटर वर राहावे. कटला-रोहू सहसा ओढत्या ल्युअरमागे धावत नाहीत. अपेक्षा महासीरसारख्या शिकारी माशाचीच करावी. महासीर हा मध्यप्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेत त्याची संख्या फार घटली आहे, त्यामुळे बिनकाट्याचा एकेरी गळ वापरून, ओल्या हातांनी धरून तो पाण्यातच सोडून द्यावा, असा माझा आग्रह आहे.

या जलाशयाची मासेमारी मध्यप्रदेश मत्स्य महासंघाच्या व्यवस्थापनाखाली चालते, म्हणून आधी परवानगी घ्यावी; आणि 16 जून ते 15 ऑगस्ट हा प्रजननाचा काळ असल्याने तेव्हा मासेमारी बंद असते. निघण्यापूर्वी घाटावरच्या मच्छीमारांना त्यांची जाळी कोणत्या बाजूला लावली आहेत ते विचारावे आणि तो भाग पूर्ण टाळावा. आपल्या गोळ्याने फाटलेले जाळे म्हणजे एका घराची बुडालेली रोजची कमाई असते, आणि हौसेसाठी आलेल्या माणसाने ते नुकसान कुणाच्या माथी मारू नये.

परत आल्यावर दोरीची तपासणी चुकवू नये. क्लिपने दिवसभर एकाच जागी चिमटलेला तंगूस तिथे चपटा आणि पांढुरका होतो. टोकापासून ल्युअरच्या अंतराइतकी दोरी दोन बोटांच्या नखांमधून ओढावी. जिथे खरखरीत लागेल तिथून ती कापून टाकावी आणि स्विव्हेल नव्याने बांधावा. पोलादी तारेच्या शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये एखादी काडी तुटून बाहेर आलेली दिसली तर तेवढा भाग कापून नवा फासा करावा. त्यासाठी लागणाऱ्या धातूच्या नळ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि एका फाशाला एकाऐवजी दोन नळ्या आवळाव्यात. क्लिपच्या गाद्या गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, उघड्या स्थितीतच ठेवाव्यात. बंद ठेवलेल्या गाद्यांवर खाच पडते आणि पुढच्या वेळी दोरी नेमकी त्या खाचेतून सरकते.